अंगणातली आगगाडी: आधी पाण्याला वाट, मग गाडीला

पुण्यात ज्यानं लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय, त्याला बागेत धावणाऱ्या मॉडेल रेल्वेचं निम्मं काम आधीच येतं. दगड रचायचे, माती थापायची, चढ कुठे आणि बुरूज कुठे ते नजरेनं ठरवायचं, अळीव पेरून हिरवळ उगवायची. पण किल्ला भाऊबीजेपर्यंत टिकला की झालं. रेल्वेला मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा पाऊस काढायचा असतो. म्हणून इथे इंजिनापेक्षा माती, खडी आणि पाण्याबद्दल जास्त सांगणार आहे. इंजिन काय, विकत मिळतं.

माझी गाडी कर्वेनगरातल्या रो-हाऊसमागच्या चार बाय सात मीटर जागेत, तुळशीवृंदावनाला वळसा घालून धावते. एवढी जागा पुरते.

माप आणि वीज

घरात टेबलावर चालणाऱ्या एचओ मापाच्या (१:८७) गाड्या बागेत नेऊ नका. त्यांचा रूळ १६.५ मिमीचा (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), चिंचेचं वाळकं पानसुद्धा त्यांना आडवं येतं. बागेसाठी ४५ मिमीचा रूळ. एलजीबी या जर्मन ब्रँडनं १९६८ साली १:२२.५ मापाच्या गाड्या या रुळावर आणल्या आणि पुढे हेच माप रूढ झालं. मीटरगेजच्या, म्हणजे मीटरभर रुंद खऱ्या रेल्वेच्या, १००० मिमीला २२.५ ने भागा, साधारण ४५ येतील. माथेरानचीच गाडी हवी असा हट्ट असेल तर तिथला रूळ ६१० मिमी, म्हणजे १:१९ मापात ३२ मिमी. तसलंही सामान मिळतं. पण पहिल्या खेपेला ४५ बरं, कारण काटे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि सुटे भाग जास्त प्रकारचे मिळतात. रूळ आणि इंजिन बहुधा बाहेरून मागवावं लागेल. बाकी वायर, कनेक्टर, मल्टीमीटर तपकीर गल्लीत आणि हार्डवेअर बोहरी आळीत एका सकाळीत होतं.

वीज रुळांतून द्यायची की इंजिनात बॅटरी बसवायची? रुळांतून देणं सुरुवातीला स्वस्त. पण पितळी रूळ हवेनं काळवंडतात, वर पावसाळ्यात गोगलगाई त्यांवरून चिकटा ओढत जातात आणि गाडी आचके देते. पंधरा मीटरपेक्षा लांब रूळ आणि डोक्यावर झाड असेल, तर मी सरळ बॅटरी आणि रिमोट सुचवेन. रुळांतून वीज देणार असाल तर ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवा, घरच्या वायरिंगला ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते बघा आणि बाहेर फक्त कमी व्होल्टेजची वायर न्या. ती दर पाच-सहा मीटरवर रुळाला जोडा. वीज पोचवायचा सगळा भार रुळांच्या सांध्यांवर टाकू नका.

जमीन: सगळी मेख इथे आहे

आपल्याकडे बऱ्याच अंगणांत काळी माती असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट रूळ टाकलात तर वर्षाच्या आत त्यांची लाट होते. काँक्रीटची पट्टी ओतायचा मोह होतो, पण खालची माती हलली की पट्टीला तडा जातो आणि मग दुरुस्तीला छिन्नी-हातोडाच घ्यावा लागतो.

त्यापेक्षा असं करा. चुन्याच्या फक्कीनं मार्ग आखा. त्यावर वीतभर रुंद आणि १५ सेंमी खोल चर खणा. काळी माती कुंड्यांना द्या. चरात मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसानं ठोका. मुरूम आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाच-सहा सेंमी वर आला पाहिजे, म्हणजे पाणी रुळाखाली साचण्याऐवजी दोन्ही अंगांनी उतरतं. बागेचा उतार जिथे मार्गाला आडवा जातो, तिथे खालून दोन इंची पीव्हीसी पाइप घाला. हा पाइप मी पहिल्यांदा घातला नव्हता. मेच्या एका वळिवानं अर्ध्या तासात दीड मीटर खडी शेजारच्यांच्या जास्वंदीत नेऊन ठेवली.

त्यावर चार सेंमी खडी: ६ मिमीची खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) निम्मे-निम्मे. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांवरून घरंगळतात. फोडलेल्या दगडाच्या कोनांची एकमेकांत पकड बसते. मोठ्या रेल्वेतही फोडलेलीच खडी असते, ती यासाठी.

लेव्हल घ्यायला गवंड्याचा लेव्हल पाइप आणा: पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकांना दोन माणसं. सात मीटर अंतरावर हातभर लांबीच्या स्पिरिट लेव्हलपेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

वळण आणि चढ

सेटबरोबर येणारी वळणं बहुधा ६०० मिमी त्रिज्येची असतात, बारा तुकड्यांत गोल पूर्ण होतो. छोटं इंजिन त्यावर चालतं, पण लांब डबे वेडेवाकडे दिसतात आणि चाकं घासतात. जागा असेल तर १२०० मिमीच्या आसपास जा. डावं वळण संपताच उजवं सुरू करू नका. मध्ये निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवा.

पूल घालून रुळावरून रूळ न्यायची हौस प्रत्येकाला असते. हिशेब आधी करा. खालच्या गाडीला २२ सेंमी मोकळी उंची, वर पुलाची जाडी, म्हणजे २५ सेंमी चढायचं. चाळीसला एक चढ (चाळीस मीटरला एक मीटर) धरला तरी त्याला दहा मीटर लागतात आणि उतरायला आणखी दहा. बोरघाटात चढ आहे ३७ ला एक आणि कर्जतहून वर येताना गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तुमच्याकडे एकच इंजिन आहे. पन्नासला एकपेक्षा कमी चढ ठेवा किंवा पूल विसरा. मी विसरलो.

रूळ टाका, पण जखडू नका

माझी मोठी चूक इथली. डिसेंबरातल्या एका सकाळी दोन विटांच्या फलाटांमध्ये तीन मीटर सरळ रूळ टाकला, सांधे गच्च ठोकले आणि दोन्ही टोकं सिमेंटात बसवली. एप्रिलच्या दुपारी मधला भाग तीन सेंमी बाहेर आलेला. पितळ दर अंशाला मीटरमागे ०.०१९ मिमी वाढतं. पहाटेचे १० अंश आणि उन्हात तापलेल्या रुळाचे ६० यांत फरक ५० चा, म्हणजे तीन मीटरला जवळजवळ ३ मिमी. लांबीत ३ मिमी ऐकायला काहीच नाही, पण दोन्ही टोकं पकडली की ते तेवढेच मिमी मध्ये सेंटिमीटर होऊन बाहेर येतात. थंडीत रूळ टाकताना दर सव्वा मीटरला मिलिमीटरभर फट ठेवा. रूळ खडीत नुसता बसू द्या, खिळे नकोत.

आता जुळवणी

या कामाला मी रूळ टाकण्यापेक्षा जास्त वेळ देतो. इंजिन बाजूला ठेवा. सर्वांत लांब डबा हातानं पूर्ण मार्गावरून ढकला, आधी पुढे, मग मागे. जिथे तो डुलतो तिथे खडूची खूण. मग सपाट डब्यावर मोबाईल ठेवून त्यातलं लेव्हल ॲप उघडा आणि हळू ओढा. दोन्ही रूळ मिळून थोडे तिरके असले तर गाडी निभावून नेते. तिला पाडतो तो पीळ, म्हणजे हातभर अंतरात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झालेला उतार. चारांपैकी एक चाक हवेत राहतं आणि पुढच्या सांध्यावर गाडी रुळावरून उतरते. खूण केलेल्या जागी रूळ किंचित उचला, स्लीपरखाली कच सारा, पट्टीनं ठोका. गँगमन याला पॅकिंग म्हणतात.

एकच डबा सगळीकडे उतरत असेल तर दोष रुळाचा नाही. चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर व्हर्निअरनं मोजा, ४० मिमीच्या जवळ हवं. सगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा.

रूळ साफ करायला लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात. भांड्यांची हिरवी घासणी हलक्या हातानं फिरवा.

आईचा आग्रह, की गाडीनं तुळशीला प्रदक्षिणा उजवीच घालायची. त्यामुळे एकाच बाजूची चाकं जास्त झिजतात. मी महिन्यातून एकदा इंजिन उचलून उलट तोंडानं ठेवतो. गाडी मागे मागे धावते, प्रदक्षिणा उजवीच राहते.

झाडं आणि पाहुणे

बारीक पानांची झाडं लावा: जेड, कुफिया, माल्पिजिया. छाटत राहिलं की त्यांचे वृक्ष दिसतात. हरळी आणि लव्हाळा खडीत शिरण्याआधी मुळासकट काढा. घुशीनं रुळाखाली बीळ केलं असेल तर ते मुरमानं ठोकून भरा आणि तिथली लेव्हल पुन्हा घ्या.

फलाट, सिग्नल, स्टेशनाची पाटी यांची घाई पहिल्या वर्षी नको. दिवाळीनंतर चर खणला तर जानेवारीत रूळ पडतील, उन्हाळा आणि पावसाळा त्यांच्यावरून जाईल आणि कुठे खचतंय, कुठे पाणी थांबतंय ते दिसेल. दसऱ्याच्या आसपास पुन्हा लेव्हल पाइप काढा, सगळीकडे पॅकिंग करा आणि मगच फलाटाच्या विटा आणायला जा.