पुरानंतरच्या वैरणटंचाईत पिकांचे अवशेष कसे वापरावेत

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील नदीकाठची उभी पिके गेली, तशाच कडब्याच्या गंजीही भिजल्या. अशा वेळी सोयाबीनचे भुसकट, मक्याची ताटे आणि उसाचे वाढे यांवरच जनावरे जगवावी लागतात. मात्र वैरण गव्हाणीत टाकण्यापूर्वी ती निवडून घेणे आवश्यक आहे.

गंजीच्या मधली एखादी पेंडी उकलून पाहावी. पांढरी वा काळी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला, तर ती पेंडी थेट खतखड्ड्यात टाकावी. उन्हात वाळवल्याने ओल जाते, परंतु बुरशीने तयार केलेले विष जात नाही आणि त्यातले अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरते. भाकड जनावराला चालेल, हा हिशेब येथे चुकीचा ठरतो. केवळ गाळ बसलेला, न कुजलेला कडबा मात्र झटकून, स्वच्छ पाण्याने धुऊन आणि पातळ पसरून वाळवल्यास वापरता येतो.

चांगले, कोरडे काड पचायला सोपे व्हावे म्हणून त्याची कुट्टी (बारीक तुकडे) करून त्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो कुट्टीसाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. ताडपत्रीवर कुट्टीचा थर पसरून त्यावर झारीने हे पाणी सारखे शिंपडावे, पायाने दाबावे आणि असे थर रचत जाऊन ढीग हवाबंद झाकावा. २१ दिवसांनी एका बाजूने उघडून, लागेल तेवढीच वैरण काढावी व उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. युरियाचे पाणी उघड्यावर ठेवू नये. तहानलेल्या जनावराने ते प्यायल्यास विषबाधा होते.

सोयाबीनच्या भुसकटाबाबत एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्यात राहिलेल्या कच्च्या दाण्यांतील युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियापासून झपाट्याने अमोनिया तयार करते आणि तो जास्त झाल्यास जनावराला विषबाधा होते, म्हणून युरिया प्रक्रियेची वैरण चालू असताना भुसकट चाळून, दाणे काढूनच द्यावे. भिजून मोड आलेले सोयाबीन वाया जाऊ नये म्हणून घमेले भरून पुढे ठेवण्याचा मोह होतो. त्याने पोटफुगी ओढवते.

उसाच्या वाढ्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे वाढ्याची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, इतर वैरणीत मिसळून द्यावी आणि मोठ्या जनावराला रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

उपाशी जनावरापुढे नवी वैरण एकदम टाकू नये. जुनी थोडी जरी उरली असेल, तरी ती पुरवून वापरत, आठ-दहा दिवसांत नव्या वैरणीचे प्रमाण वाढवत न्यावे. रवंथ थांबले, डावी कूस फुगली किंवा शेण घट्ट पडू लागले, तर ती वैरण तात्काळ बंद करून पशुवैद्यकास बोलवावे.