विद्यार्थ्यांना प्रदर्शनावर लिहायला नेताना या चुका टाळा

कलेच्या विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन प्रदर्शनाचे परीक्षण लिहायला सांगितले की बहुतेक वह्यांत एकाच साच्यातील वाक्ये उतरतात. ‘चित्रकाराने निळ्या रंगातून मानवी मनाची अस्वस्थता प्रभावीपणे व्यक्त केली आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा तपासले आहे की ते कोणत्या चित्राविषयी होते, हे आता मला सांगता येणार नाही. यात विद्यार्थ्यांच्या भाषेचा दोष थोडा असतो आणि त्यांना न्यायच्या आधी आपण वर्गात काय करून घेतले नाही, याचा बराच असतो.

सर्वांत महागात पडते ते आदल्या दिवशी प्रदर्शनाचे माहितीपत्रक वाटणे. त्यातील किंवा दालनाच्या भिंतीवरील निवेदन हे चित्रकाराचे अथवा प्रदर्शन रचणाऱ्याचे म्हणणे असते. ते आधी वाचलेला विद्यार्थी चित्रात तेवढेच शोधतो आणि सापडले नाही तरी सापडल्याचे लिहितो. म्हणून पहिला अर्धा तास काहीही न वाचता पाहू द्यावे, मग निवेदन वाचायला लावावे आणि त्यातील कोणते विधान भिंतीवर दिसते व कोणते दिसत नाही, याच्या खुणा वहीत करून घ्याव्यात.

असे पाहण्याचा सराव मात्र वर्गातच व्हायला हवा. एकच छापील चित्र पंधरा मिनिटे समोर ठेवावे आणि ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘प्रभावी’ हे शब्द त्या तासापुरते बंद करावेत. सुरुवातीला वर्ग कुरकुरतो. पण थोड्या वेळाने ‘उजव्या कोपऱ्यात निळा रंग इतका पातळ लावला आहे की खालची कॅनव्हासची वीण दिसते, तोच रंग मध्यभागी मात्र दाट आहे’ अशी वाक्ये येऊ लागतात, आणि अस्वस्थतेबद्दल लिहायचेच असेल तर ते अशा वाक्यानंतर लिहिता येते.

दुसरी चूक तितकी लवकर लक्षात येत नाही: विद्यार्थी सुट्या चित्रांवर लिहितात आणि प्रदर्शन राहूनच जाते. मुंबईतील नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट १९९६ पासून कावसजी जहांगीर हॉलमध्ये, म्हणजे १९११ साली सभागृह म्हणून बांधलेल्या इमारतीत आहे. तिथे अर्धवर्तुळाकार मजले चढत घुमटाखाली पोहोचावे लागते, त्यामुळे कोणते काम आधी भेटते आणि कोणते चढून गेल्यावर, याला अर्थ येतो. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात असा चढ नाही. तिथे दारासमोर काय लावले आहे, कोणती दोन कामे शेजारी आहेत, कोणत्या भिंतीवर मोकळी जागा सोडली आहे, हे विचारावे. दालनाचा साधा आराखडा वहीत काढायला लावल्यास ही उत्तरे पुष्कळदा आपोआप मिळतात.

चित्राखालची पाटी फोनवर टिपायला हरकत नाही, पण ती वाचलीही पाहिजे. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी अनेक चित्रांत एनॅमल रंग वापरले आहेत. तिथे सवयीने ‘तैलचित्र’ लिहिणाऱ्याने माध्यमही चुकवलेले असते आणि त्या पृष्ठभागाकडे पाहिलेलेही नसते. मोजमापात सहसा उंची आधी आणि रुंदी नंतर देतात, हेही सांगून ठेवावे, कारण फोनच्या पडद्यावर हातभर चित्र आणि भिंतभर चित्र सारखेच दिसते.

व्यवस्थेच्या चुका किरकोळ असल्या तरी दिवस वाया घालवतात. जहांगीर कलादालनातील प्रदर्शने साधारणपणे आठवड्याने बदलतात, म्हणून शिक्षकाने आधी जाऊन पाहायचे तर ते त्याच आठवड्यात. नॅशनल गॅलरी सोमवारी बंद असते. शाईच्या पेनांऐवजी पेन्सिली द्याव्यात. आणि सगळे प्रदर्शन पाहून झाल्यावर प्रत्येकाने निवडलेल्या एकाच कामापाशी परत जाऊन वीस मिनिटे थांबण्याइतका वेळ बसच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवावा, कारण घाईत नेमका तोच कापला जातो.