न मोजलेले १८ श्वास आणि वॉर्डमधल्या आणखी काही चुका

चार्टवर दहा पेशंटांचा श्वसनदर ओळीने १८, १८, २०, १८ असा दिसला की खुशाल समजावं, श्वास कुणाचाच मोजलेला नाही. बीपी, नाडी, ताप हे आकडे यंत्र काढून देतं. श्वास मात्र घड्याळ धरून, शेजारी उभं राहून मोजावा लागतो, म्हणून नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी हाच आकडा हलतो. सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) असो, रक्तातलं आम्ल वाढलेलं असो की फुफ्फुसात पाणी साठत असो, शरीर आधी श्वास वाढवतं. बीपी पडतं ते बरंच नंतर.

पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर एका श्वासाची चूक चार्टवर चाराची होते. पेशंट किती बिघडलाय ते गुणांनी मोजणाऱ्या (गुण जास्त, तितका धोका जास्त) २०१७ च्या ब्रिटिश न्यूज-टू स्कोअरमध्ये १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन, आणि २५ पासून पुढे तीन. म्हणजे २४ श्वास घेणारा पेशंट एका श्वासाच्या चुकीने २० वर येतो आणि दोन गुण गायब होतात. आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर तेवढी छातीवर न्या. पांघरूण जाड असेल तर पेशंटचाच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवून मनगट धरा. हात वरखाली होताना स्पष्ट दिसतो.

"सॅच्युरेशन ९८ आहे, मग श्वास कशाला मोजायचा?" हा प्रश्न नवीन मुलं-मुली हमखास विचारतात. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण, बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर दाखवतं ते. ऑपरेशननंतर मॉर्फिन किंवा फेंटानिल (श्वास मंदावू शकणारी वेदनाशामकं) चालू असलेला, नाकाला ऑक्सिजन लावलेला पेशंट मिनिटाला आठच श्वास घेत असला तरी सॅच्युरेशन ९८ दाखवू शकतो. ऑक्सिजन आत जातोय, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये, आणि ते ऑक्सिमीटरला कळत नाही. अशा पेशंटचा श्वसनदर आणि गुंगीची पातळी, दोन्ही लिहायलाच हवं.

ऑक्सिमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवणं ही चूक आता संशोधनानेही पुढे आणली आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या पेशंटांचा अभ्यास आला. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी सॅच्युरेशन असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांमध्ये ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीय पेशंटांमध्ये ११.७ टक्के. म्हणजे तिपटीच्या आसपास. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२१ मध्ये याबद्दल सूचना काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांसाठी चाचणीच्या कडक निकषांचा मसुदा आणला. त्या निकषांवर उतरलेली यंत्रं बाजारात येईपर्यंत हातात जुनीच आहेत. म्हणून त्वचा सावळी किंवा काळी असेल, स्क्रीनवर ९२-९३ असेल आणि पेशंट धाप लागल्यासारखा, बेचैन किंवा गोंधळलेला दिसत असेल, तर आकड्यापेक्षा पेशंटचं ऐका, डॉक्टरांना कळवा आणि एबीजीबद्दल (धमनीतल्या रक्ताची तपासणी) विचारा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने सरकतोय ते महत्त्वाचं: सकाळी ९७ होता आणि आता ९३ असेल, तर ९३ ला 'नॉर्मल' म्हणून सोडू नका.

आकडा लिहिण्याआधी ऑक्सिमीटरच्या स्क्रीनवरची नाडीची लहर बघा. लहर सपाट किंवा तुटक असेल, किंवा यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल, तर तो आकडा लिहायचाच नाही. बोट गार असेल तर आधी ऊब द्या. नेलपॉलिश काढा. बीपीचा कफ (पट्टा) बांधलेल्या हाताला प्रोब (ऑक्सिमीटरचा बोटाचा चिमटा) लावू नका. धुरात सापडलेल्या पेशंटचं ऑक्सिमीटरवरचं १०० खोटं असू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं.

आता राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी, फीड (पातळ अन्न) देण्याची नळी. नळी घालायची, सिरिंजने हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, 'गुडगुड' ऐकू आलं की फीड सुरू. ही पद्धत एका पिढीने दुसऱ्या पिढीला हातोहात दिली आहे आणि ती धोक्याची आहे. नळीचं टोक फुफ्फुसात असो, अन्ननलिकेत असो की जठरात, हवेचा आवाज पोटाच्या वरच्या भागात ऐकू येतो. कान कितीही तयार असला तरी त्याला हा फरक करता येत नाही. ब्रिटनच्या पेशंट सुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच हवेच्या आवाजावर विसंबू नका असं बजावलं. चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फीड दिलं जाणं ही घटना तिथे 'कधीच घडू नये' अशा यादीत मोडते. तरीही ही सवय टिकून आहे, कारण आवाज ऐकायला पाच सेकंद लागतात आणि अ‍ॅस्पिरेट (सिरिंजने नळीतून ओढलेला पोटातला द्रव) काढायला पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा करणाऱ्याने नळीला हात लावू नये, इतकं हे गंभीर आहे. नळीचं टोक पाण्यात धरून बुडबुडे बघणं, लिटमस कागद लावणं, 'पेशंट खोकला नाही म्हणजे नळी बरोबर आहे' असं म्हणणं, हे सगळं त्याच माळेतलं. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या पेशंटची नळी श्वासनलिकेत गेली तरी तो खोकणार नाही.

मग करायचं काय? नाकाचं टोक, कानाची पाळी आणि छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक असं माप घ्या. नळी बसली की नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आली ते चार्टवर लिहा. मोठी, ५० किंवा ६० एमएलची सिरिंज लावून अगदी हळू ओढा. छोट्या सिरिंजने ओढ जास्त बसते आणि मऊ नळी आतून चिकटते. अर्धा ते एक एमएल अ‍ॅस्पिरेट पुरे. ते पीएच, म्हणजे आम्लता, दाखवणाऱ्या पट्टीवर टाका. १ ते ५.५ च्या मध्ये आलं तर फीड सुरू करता येतं. पट्टीचा रंग पाच आणि सहाच्या मध्ये वाटला तर दुसऱ्याला दाखवा, स्वतःला हवा तो रंग बघू नका.

काहीच आलं नाही तर घाईने नळी उपसू नका. पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. १० ते २० एमएल हवा सोडा. ती ऐकण्यासाठी नव्हे, जठराच्या भिंतीला टेकलेलं टोक सुटावं म्हणून. १५ ते ३० मिनिटं थांबून पुन्हा ओढा. तरी नाही आलं तर नळी १० ते २० सेंटिमीटर आत किंवा बाहेर सरकवून बघा. उपाशी पेशंटचं तोंड स्वच्छ केलं की जठरातला स्राव वाढतो आणि अ‍ॅस्पिरेट मिळायला मदत होते. एवढ्यानेही जमलं नाही, किंवा पीएच ५.५ च्या वर आला, तर एक्स-रे. पॅन्टोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल किंवा नुकतंच फीड गेलं असेल तर नळी बरोबर असूनही पीएच वर दिसतो. फीड थांबवून तासाभराने पुन्हा तपासा. एक्स-रे वाचणाऱ्याने नळी अन्ननलिकेच्या वाटेने जाते का, श्वासनलिकेच्या दोन फाट्यांच्या मधून सरळ खाली उतरते का, डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) मध्यरेषेत ओलांडते का आणि टोक डाव्या डायफ्रामच्या खाली स्पष्ट दिसतं का, हे चारही बघायला हवं. फिल्म आजची आणि याच पेशंटची आहे ना, हेही.

जागा पक्की होण्याआधी नळीत पाणी सोडू नका. काही नळ्यांच्या आत वंगण असतं. पाणी त्यात मिसळलं की ते मिश्रणच पट्टीवर आम्लधर्मी दिसतं. नळी फुफ्फुसात असूनही पीएच 'बरोबर' आल्याने जीव गेल्याच्या घटना ब्रिटनमध्ये नोंदवल्या आहेत. आणि तपासणी एकदाच करून भागत नाही. प्रत्येक फीड आणि औषधाच्या आधी, उलटी किंवा खोकल्याची उबळ आली की, आणि नाकपुडीपाशी खूण सरकलेली दिसली की पुन्हा तपासायचं.

औषधांच्या चुकांत एक घटना प्रत्येक नर्सला तपशिलासकट माहीत असावी. डिसेंबर २०१७, अमेरिकेतलं टेनेसी राज्य. ७५ वर्षांच्या बाईंना स्कॅनच्या आधी भीती कमी व्हावी म्हणून व्हर्सेड, म्हणजे मिडाझोलाम, लिहून दिलं होतं. नर्सने औषधाच्या कपाटाच्या यंत्रात ब्रँडच्या नावाची पहिली दोनच अक्षरं टाइप केली. त्या नावाने औषध दिसेना, म्हणून तिने ओव्हरराइड केलं (यंत्राची अडवणूक बाजूला सारली) आणि यादीत वर आलेलं औषध निवडलं. ते होतं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं. मिडाझोलाम तयार द्रव असतं. हातात आली ती पावडर. झाकणावर स्नायू लुळे करणारं औषध असल्याचा इशारा होता. नर्सने व्हायल फिरवून मागच्या बाजूला पावडर कशी विरघळवायची ते वाचलं, पुढच्या बाजूचं नाव वाचलं नाही. त्या वेळी ती शिकाऊ नर्सशी बोलत होती. इंजेक्शन दिल्यावर बाईंना मॉनिटरशिवाय ठेवलं गेलं. अर्ध्या तासाच्या आसपास त्या प्रतिसाद देत नसल्याचं लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने नर्सला गुन्हेगारी निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी ठरवलं. मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) मिळाली.

शिक्षा योग्य होती का यावर जगभर वाद झाला. कपाटाचं यंत्र, मॉनिटरचा अभाव, रोजचंच होऊन बसलेलं ओव्हरराइड, हे एकट्या नर्सचे दोष नव्हतेच. पण ड्यूटीवर आपल्या हातात काय आहे ते बघा. औषध त्याच्या मूळ नावाने शोधा आणि किमान पहिली पाच अक्षरं टाइप करा. लेबल तीन वेळा वाचा: उचलताना, सिरिंजमध्ये ओढताना, आणि पेशंटच्या उशाशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताला नेहमीपेक्षा वेगळं काही लागलं तर तिथेच थांबा. नेहमी द्रव असणारं औषध पावडर निघालं, एका डोसला तीन व्हायल फोडाव्या लागल्या, गोळीचा रंग बदललेला दिसला, की ती सूचना आहे. 'कंपनी बदलली असेल' हे उत्तर स्वतःच स्वतःला देऊ नका, फार्मसीला विचारा.

दुहेरी तपासणीचं तर बऱ्याच ठिकाणी नावच उरलंय. "पाच एमएल आहे ना?" "हो, पाच." ही तपासणी नव्हे, ही हजेरी झाली. दुसऱ्या व्यक्तीने ऑर्डर स्वतः वाचावी, डोस कागदावर स्वतः काढावा, आणि मग दोघांची उत्तरं जुळवावीत. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, मॉर्फिन आणि लहान मुलांचा प्रत्येक डोस, एवढ्यांना तरी ही शिस्त लावाच. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची अँप्यूल स्पायनलच्या, म्हणजे मणक्यात द्यायच्या, भुलीच्या औषधाजवळ ठेवू नका. दिसायला सारख्या अँप्यूलमुळे हे औषध मणक्यात टोचलं गेल्याच्या घटनांवर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये इशारा दिला. त्याने झटके येतात आणि मृत्यूचं प्रमाण मोठं आहे.

बीपी घेताना पेशंटचा हात मांडीवर किंवा लोंबता असू नये. २०२४ च्या एका चाचणीत हात मांडीवर ठेवल्याने वरचं बीपी सरासरी सुमारे ४ ने आणि हात लोंबता सोडल्याने ६.५ ने जास्त आलं. हात टेबलावर, कफ हृदयाच्या पातळीत. कफ लहान असेल तर गोंधळ याहून मोठा: २०२३ च्या एका अभ्यासात सर्वात मोठ्या कफची गरज असलेल्यांना साधा कफ बांधल्यावर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त दिसलं. म्हणजे नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होण्याइतकं.

इन्सुलिन पेन एका पेशंटचं, फक्त त्याचंच. सुई बदलली तरी काडतुसात रक्त मागे ओढलं गेलेलं असू शकतं. पेनमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका. काही पेनमध्ये एमएलला नेहमीच्या १०० ऐवजी २०० किंवा ३०० युनिट ताकदीचं इन्सुलिन असतं आणि डोस दुप्पट-तिप्पट जातो. 'युनिट' पूर्ण लिहा, नुसतं इंग्रजी अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं.

लस टोचताना मागे ओढून रक्त बघण्याची गरज नाही, त्याने दुखणंच वाढतं. खांद्याच्या हाडाला लागून, फार वर टोचू नका.

हातमोजे घातले म्हणून हात धुणं चुकत नाही. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचे.

रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतू नका. त्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं पडतं, आणि पेशंटला नको ते उपचार सुरू होतात.

तोंडाची निगा अजूनही 'वेळ मिळाला तर' या यादीत असते. डिसेंबर २०२३ मध्ये १५ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. रोज दात घासलेल्या पेशंटांमध्ये रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि आयसीयूतले मृत्यूही कमी. मात्र व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसण्याची जुनी सवय सोडा. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना ते टाळा आणि त्याशिवायच ब्रश करा असं सांगतात. डोकं ३० ते ४५ अंश वर, मऊ लहान ब्रश, सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारं यंत्र) आधीच हाताशी सुरू करून ठेवलेलं. दात, हिरड्या आणि जीभ, तिन्ही घासा, साठलेलं पाणी लगेच ओढून घ्या. ब्रशवर पेशंटचं नाव लिहा आणि तो उभा, कोरडा ठेवा. ओल्या पिशवीत कोंबलेला ब्रश संध्याकाळी पुन्हा तोंडात जाता कामा नये.