जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट

क्लच दाबला की घरघर, सोडला की शांत. म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग) गेलेलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि खरी कसोटी बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, वरच्या बोल्टांची. तिथे ना वरून हात पोचतो, ना खालून.

बॅटरीची वायर, गिअरचा दांडा, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आधी सोडवले. मग गिअरबॉक्सखाली फळी ठेवून जॅक लावला, क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) काढला आणि जॅक अगदी हळू उतरवला. मागची बाजू झुकली की वर जागा होते. पान्याला लांब एक्स्टेंशन दांडा, टोकाला कोनात वळणारा युनिव्हर्सल जॉइंट. बोल्ट मागूनच सुटले. मात्र इंजिन कलताना पंखा रेडिएटरच्या कव्हरला टेकत नाही ना, हे बघाच. आणि गाडी भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

क्लच प्लेटही बदलली. एवढं उघडल्यावर जुनी ठेवणं मला पटत नाही.