फ्रँक झॅपा ऐकवताय? या चुका टाळा

अमेरिकी संगीतकार आणि गिटारवादक फ्रँक झॅपानं हयातीतच साठाहून जास्त अल्बम काढले. ४ डिसेंबर १९९३ रोजी, बावन्न वर्षांचा असताना तो गेला. पण घरात जपून ठेवलेल्या टेपांच्या साठ्यातून नवे संच निघणं त्यानंतरही थांबलं नाही, आणि एकूण आकड्यानं कधीच शंभरी ओलांडली. यात रॉक आहे, जॅझ आहे, पन्नासच्या दशकातलं डू-वॉप (समूहस्वरांची गाणी) आहे, वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचना आहेत, चावट गाणी आहेत आणि नुसत्या बडबडीच्या टेपाही आहेत. अशा ढिगातून कुणी म्हणालं, “एखादं ऐकव ना,” तर पहिलं काय लावता यावरच पुढचं ठरतं. चुकीचं लागलं की समोरचा दहाव्या मिनिटाला मोबाईल काढतो, आणि नंतर झॅपा म्हटलं की त्याला फक्त मिशी आठवते.

“पहिल्यापासून क्रमानं ऐकूया”

नीटनेटक्या स्वभावाच्या माणसाला हा मोह होतोच. १९६६ चा ‘फ्रीक आउट!’ लावायचा, मग पुढचा, मग त्यापुढचा. अडचण अशी की त्या दुहेरी अल्बमची बरीच गाणी म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी रेडिओवरच्या प्रेमगीतांची टिंगल आहे. ज्याची टिंगल चाललीय ते कानात नसेल तर गाणं नुसतं जुनाट वाटतं. चौथ्या बाजूवर तर बारा मिनिटं ड्रमची बडवाबडवी, किंकाळ्या आणि गोंगाट. त्यातून जो तरला त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर ‘लम्पी ग्रेव्ही’ येतो. पियानोत डोकं घालून बोलणाऱ्या माणसांचे संवाद आणि वाद्यवृंदाचे तुकडे कापून-जोडून तो बनवलाय. झॅपा समजून घेण्यासाठी तो मोलाचा आहे, पण नवख्यासाठी मुळीच नाही. क्रम राखायचाच असेल तर तो दुसऱ्या फेरीत राखा, दहा-बारा अल्बम कानाखालून गेल्यावर.

“हे ऐक, जाम विनोदी आहे”

ही चूक जास्त महागात पडते. झॅपाची जी गाणी गाजली ती बहुतेक विनोदी. १९८२ चं ‘व्हॅली गर्ल’ अमेरिकेत ३२व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातली बडबड त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीची, मूनची. गंमत सगळी लॉस एंजेलिसजवळच्या पोरींच्या बोलण्याच्या ढबीत आहे, आणि ती ढब माहीत नसलेल्याला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. ‘बॉबी ब्राउन’ जर्मनी आणि नॉर्वेत तुफान चाललं, पण शब्द इतके उघडे की घरात स्पीकरवर लावायची सोय नाही. ‘डायना-मो हम’चंही तेच. बायका, समलिंगी, ज्यू अशा कितीतरी जणांवर त्यानं रेवड्या उडवल्या, त्यातल्या काही आज ऐकताना ओशाळं व्हायला होतं. ते लपवू नका, पण तिथून सुरुवातही करू नका. पहिल्याच भेटीत अशी गाणी लागली की ऐकणारा त्याला ‘घाणेरडी गाणी करणारा’ या खणात टाकतो, आणि त्या खणातून त्याला बाहेर काढणं फार जड जातं.

विनोदच हवा असेल तर १९७३ च्या ‘ओव्हर-नाइट सेन्सेशन’ मधलं ‘मोंटाना’ लावा. दात कोरायच्या दोऱ्याची शेती करायला निघालेल्या माणसाचं ते गाणं आहे. मधला बायकांचा समूहस्वर लक्ष देऊन ऐकायला सांगा. विलक्षण अवघड वळणांची ती ओळ टिना टर्नर आणि तिच्या साथीच्या गायिकांनी म्हटलीय, आणि अल्बमवर त्यांची नावं नाहीत. हसू येता येता ‘अरे, हे गायला किती कठीण असेल!’ असं वाटलं की काम झालं. झॅपाचा विनोद आणि संगीत एकाच ओळीत कसं बसतं, हे इथे आपोआप कळतं.

आपली हुशारी दाखवणं

तिसरी चूक मुरलेल्या चाहत्यांची. ‘अंकल मीट’ किंवा कॅप्टन बीफहार्ट या गायकाचा, पण झॅपानं निर्मिती केलेला ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ लावून समोरच्याचा चेहरा बघत बसायचं. असं कुणाशी वागू नये.

मग लावायचं काय?

आधी विचारा की रोज काय ऐकतोस. बाकी सगळं या उत्तरावर.

जॅझ, फ्युजन, वाद्यसंगीत असं उत्तर आलं तर १९६९ चा ‘हॉट रॅट्स’. सहा तुकडे, त्यात एकाच ठिकाणी गायन, ‘विली द पिंप’ मध्ये बीफहार्टचा खरखरीत आवाज. पहिला तुकडा ‘पीचेस एन रिगेलिया’ साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतो. त्यात एक गोष्ट दाखवा. बासरी, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, कीबोर्ड असा मोठा ताफा वाजतोय असं वाटतं, पण त्यातलं बहुतेक सगळं इअन अंडरवुड या एकट्यानं सोळा ट्रॅकच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर थरावर थर चढवत वाजवलंय. सोळा ट्रॅकची सोय तेव्हा अगदी नवी होती. बेस गिटार वाजवणारा शुगी ओटिस पंधरा वर्षांचा. एकदा वाजलं की लगेच पुन्हा लावा. पहिल्यांदा चाल कळते, दुसऱ्यांदा मागची वीण. त्यानंतर थेट ‘विली द पिंप’. लांबलचक ‘गंबो व्हेरिएशन्स’ पहिल्या बैठकीत नको.

गाणी लागतात असं म्हणणाऱ्याला १९७४ चा ‘अपॉस्ट्रॉफी’. जेमतेम बत्तीस मिनिटांचा अल्बम, तो अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला होता. पहिली चार गाणी एकाच गोष्टीसारखी सलग जातात. पहिलं ‘डोंट ईट द यलो स्नो’ सुरू झालं की मांडीवर सात मात्रा मोजायला सांगा, कारण गाण्याचा बराचसा भाग सातात आहे. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याचा हात रूपकाकडे जाईल. जाऊ द्या, पण रूपकासारखी समेवर खाली इथे शोधू नका. हा सात वेगळा चालतो. मोजणारा दोन-तीन आवर्तनांत बसला की त्याला पुढचं काही समजवावं लागत नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉक कोळून प्यायलेल्याला १९७५ चा ‘वन साइझ फिट्स ऑल’, आणि त्यातलं पहिलंच ‘इंका रोड्स’. गायन आणि कीबोर्ड जॉर्ज ड्यूक, मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) रूथ अंडरवुड. गाण्याचा पाया लॉस एंजेलिसच्या टीव्ही स्टुडिओत १९७४ मध्ये थेट वाजवून टिपलेला, आणि मधला गिटार सोलो त्याच वर्षी हेलसिंकीच्या मैफलीत वाजवलेला, नंतर आणून जोडलेला. सांधा शोधायला सांगा. भल्याभल्यांना सापडत नाही.

गिटारच्या वेड्याला १९७९ च्या ‘जोज गराज’ च्या शेवटाकडचं ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’ पुरेसं आहे. सुरुवातीची कुजबुज कथेतल्या पात्राची, ती वगळून पुढे जा. मग नऊ मात्रांचं संथ चक्र आणि त्यावर एकच गिटार. या अल्बममधले इतर बहुतेक सोलो जुन्या मैफलींच्या टेपांतून उचलून नव्या ट्रॅकवर चिकटवलेत. हा मात्र त्या ट्रॅकसाठीच वाजवलाय, आणि ते ऐकू येतं. अख्खा ‘जोज गराज’ मात्र जवळपास दोन तासांचा, कथानकही चावट. तो नंतर.

वाद्यवृंदाची आवड असेल तर १९९३ चा ‘द यलो शार्क’. जर्मनीच्या आन्साम्बल मॉडर्न या संचानं १९९२ च्या सप्टेंबरात केलेल्या मैफलींचं हे ध्वनिमुद्रण. यातलं ‘जी-स्पॉट टॉर्नेडो’ आधी १९८६ च्या ‘जॅझ फ्रॉम हेल’ वर सिंक्लाव्हिअर या संगणकी वाद्यावर होतं, कारण ते माणसांना वाजवता येणार नाही असं झॅपाला वाटत होतं. दोन्ही पाठोपाठ लावा, आधी यंत्र, मग माणसं. १९८३ चा लंडन सिंफनीबरोबरचा अल्बम या कामाला घेऊ नका. त्या वादनावर झॅपा स्वतःच नाराज होता.

अल्बम बरोबर, प्रत चुकीची

याकडे फार कमी लोक बघतात. झॅपानं ऐंशीच्या दशकात जुने अल्बम सीडीवर आणताना पुष्कळ फेरफार केले. ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’ (१९६८) आणि ‘क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स’ (१९६८) यांवरचे मूळ बेस आणि ड्रम काढून नव्यानं वाजवून घेतले. ऐकताना साठच्या दशकातलं गाणं आणि खाली ऐंशीतला टणटणीत ड्रम, असं विजोड वाटतं. ‘मनी’चं मूळ मिक्स १९९५ च्या सीडीपासून परत आलं, ‘रूबेन’चं मूळ मिक्स २०१० मध्ये ‘ग्रीझी लव्ह साँग्ज’ या नावानं निघालं. जुन्या सीडींच्या दुकानातून घेताना साल बघून घ्या. ‘हॉट रॅट्स’ च्या १९८७ च्या सीडीतही मिक्स वेगळं आहे. ओळखायची खूण सोपी आहे. ‘गंबो व्हेरिएशन्स’ तेरा मिनिटांच्या आत संपत असेल तर मूळ, सतरापर्यंत जात असेल तर १९८७ चं.

‘अंकल मीट’ च्या सीडीवर तर झॅपानं सिनेमातल्या संवादांची सुमारे चाळीस मिनिटं भरली. चाहते त्यांना ‘शिक्षेचे ट्रॅक’ म्हणतात. दुसरी तबकडी लावली की आधी ती शिक्षा, आणि मग कुठे ‘किंग काँग’. संवाद सरळ गाळा. मूळ १९६९ च्या अल्बममध्ये ते नव्हतेच.

स्ट्रीमिंगवर ऐकवत असाल तर शफल बंद करा. गाणी एकमेकांत मिसळण्याची क्रॉसफेडची सोय शून्यावर आणा आणि गाण्यांमधली फट न ठेवण्याची सोय चालू ठेवा. ‘अपॉस्ट्रॉफी’ ची पहिली चार गाणी तुटली की त्यातली मजा गेली. शोधताना नावाखाली साल बघा. ‘हॉट रॅट्स’ टाइप केलं की २०१९ चा सहा सीडींचा ‘हॉट रॅट्स सेशन्स’ ही समोर येतो, आणि ‘रॉक्सी’ हा मैफलींचा अल्बम शोधला की २०१८ चा सात सीडींचा संच. त्यात एकच तुकडा वेगवेगळ्या रात्री वाजवलेला, किंवा अर्ध्यावर थांबलेला. अभ्यासाला उत्तम, ओळखीला निरुपयोगी.

ऐकणारा असं म्हणाला, तर

“गाणी चांगलीयत, पण हा सारखा बोलतो कशाला?” म्हणजे झॅपाचा आवाज नकोसा झालाय. मग ‘शट अप अँड प्ले युअर गिटार’ (१९८१), ज्यात जवळपास सगळे गिटार सोलोच आहेत, किंवा १९७२ चे ‘वाका/जवाका’ आणि ‘द ग्रँड वाझू’. १९७१ च्या डिसेंबरात लंडनला एका प्रेक्षकानं त्याला मंचावरून खाली ढकललं, आणि चाकाच्या खुर्चीवर असतानाच त्यानं हे दोन अल्बम केले. मोठ्या जॅझ ताफ्यासाठी लिहिलेले आहेत, गायन फारच थोडं.

“सगळं एकदम अंगावर येतं.” तर ‘झॅपा इन न्यूयॉर्क’ मधलं ‘ब्लॅक पेज’ ची एक क्रमांकाची आवृत्ती आधी ऐकवू नका. कागद काळा दिसावा इतकी स्वरचिन्हं असलेला हा तुकडा टेरी बोझिओच्या ड्रमसाठी लिहिलेला. दोन क्रमांकाच्या आवृत्तीत त्याच चालीला नाचण्याजोगा ठेका आहे, ती आधी लावा. पाय ठेक्यावर आले की मग एक क्रमांक.

“हे आधी ऐकल्यासारखं वाटतंय.” ही तक्रार आली तर खूश व्हा. तो त्याच चाली, तीच पात्रं, पूडल कुत्रासुद्धा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आणतो. ज्याच्या कानाला हे जाणवलं, त्याला आता ‘यू कान्ट डू दॅट ऑन स्टेज एनीमोअर’ च्या सहा खंडांतला दुसरा द्या. तो १९७४ च्या हेलसिंकीचाच आहे, आणि त्यात ‘इंका रोड्स’ अख्खं मैफलीत ऐकायला मिळतं.

एका बैठकीत चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. आठवड्यानं त्याच अल्बमकडे परत या, नव्याकडे नको.

आणि ज्यांनी ‘शक्ती’ ऐकलंय, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबरचं व्हायोलिन ज्यांच्या कानात आहे, त्यांच्यासाठी वेगळीच वाट आहे. ते व्हायोलिन वाजवणारे एल. शंकर १९७८ मध्ये झॅपाबरोबर मंचावर होते आणि १९७९ चा त्यांचा ‘टच मी देअर’ झॅपानं निर्माण केला. वर सांगितलेल्या सहा खंडांच्या शेवटच्या खंडात ‘थर्टीन’ नावाचा तुकडा आहे, त्यात शंकर आहेत. नावाप्रमाणे तेरा मात्रा. टाळी धरून बसा. समेवर चुकलात तर मागे घ्या आणि पुन्हा लावा.