न्यूरॉनला पेशीतली रसायनं जोडताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडची इंजिनिअरिंगची, बायोटेकची मुलं न्यूरॉनचं, म्हणजे चेतापेशीचं, विद्युत आणि रासायनिक मॉडेल संगणकावर जोडण्याचा विषय प्रोजेक्टसाठी घेऊन येतात, याचा मला मनापासून आनंद होतो. सुरुवातीला साधा लॅपटॉप पुरतो, सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि त्यातलं ‘मूस’ तर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेत वाढलेलं. विद्युत मॉडेल एकटं छान चालतं, रासायनिकही चालतं. दोन्ही जोडली की कॅल्शियम आभाळाला भिडतं, नाहीतर काहीच हलत नाही. मग चॅनेलचे (पेशीच्या पडद्यातल्या, आयन आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचे) आकडे बदलत बसण्यात आठवडे जातात. दोष बहुतेक वेळा सांध्यात, म्हणजे दोन मॉडेलं जिथे जुळतात तिथे, असतो. आधी तोच तपासा.

एककांपासून सुरुवात करा. ‘न्यूरॉन’ याच नावाचा सिम्युलेटर (विद्युत मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) मिलिसेकंद आणि मिलिमोलरमध्ये बोलतो. रासायनिक मॉडेलं बहुधा सेकंद आणि मायक्रोमोलरमध्ये लिहिलेली असतात. म्हणजे दोन्हीकडे हजारपटीचा फरक. शिवाय कॅल्शियमवर दोन भार असतात. विद्युत प्रवाहावरून संहती (किती दाट आहे ते) काढताना २ ने भागायचं राहिलं की कॅल्शियम दुप्पट दिसतं.

याहून छुपी चूक म्हणजे तेच कॅल्शियम दोनदा उपसणं. विद्युत मॉडेलमध्ये कॅल्शियम ओसरण्याचं समीकरण बहुधा आधीच असतं, आणि रासायनिक मॉडेल स्वतःचे पंप घेऊन येतं. दोन्ही चालू राहिले तर कॅल्शियम इतक्या लवकर उतरतं की कॅल्शियम वाढल्यावर जागं होणारं कॅमके-टू एन्झाइम जागंच होत नाही. एकच ठेवा.

सगळ्यात जास्त घात करते ती सरासरी. विद्युत बाजू मिलिसेकंदांत पळते, रसायनं सेकंद-मिनिटांत चालतात, म्हणून शंभर-दोनशे मिलिसेकंदांची सरासरी काढून पुढे दिली जाते. पण कॅल्मोड्युलिन हे प्रथिन चार कॅल्शियम आयन धरतं आणि त्याचा प्रतिसाद सरळ रेषेत वाढत नाही. कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी एका रात्रीत ओलांडली, तर महिन्याची सरासरी ते सांगेल का? देवाणघेवाणीचा अवधी, म्हणजे दोन मॉडेलं किती वेळाने एकमेकांना आकडे देतात तो, निम्मा करून पुन्हा चालवा. उत्तर बदललं, तर अवधी अजून मोठा आहे.

डेंड्राइटच्या (न्यूरॉनच्या फांदीच्या) स्पाइनमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या इवल्याशा उंचवट्यात, गणितच बदलतं. ०.१ फेमटोलिटर जागेत १०० नॅनोमोलर म्हणजे जेमतेम ६ मुक्त आयन! तिथे संहती सलग बदलते असं धरणाऱ्या समीकरणांवर विसंबू नका. एकेक अभिक्रिया योगायोगाने घडवणारा गिलेस्पी अल्गोरिदम वापरा, अनेकदा चालवा आणि उत्तरं किती विखुरतात ते पाहा.

तापमान तर हमखास विसरलं जातं. हॉजकिन आणि हक्सली यांची १९५२ ची न्यूरॉनच्या विद्युत संदेशाची समीकरणं स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनची (न्यूरॉनच्या लांब तंतूची), ६.३ अंश सेल्सिअसची. ‘न्यूरॉन’ही वेगळं सांगितलं नाही तर तेच तापमान धरतो. क्यू-टेन (तापमान १० अंशांनी वाढलं की वेग किती पट होतो तो आकडा) ३ घेतला तर ३७ अंशांना चॅनेलची उघडमीट सुमारे २९ पट वेगाने होते. रासायनिक दर कुठल्या तापमानाला मोजलेत, तेही प्रत्येक आकड्यासमोर लिहून ठेवा.

जोडणी झाली की आधी एकही स्पाइक (न्यूरॉनचा विद्युत ठोका) न देता चालवा. कॅल्शियम विश्रांतीच्या पातळीवर टिकलं पाहिजे. मग एकच स्पाइक द्या, आणि आत आलेलं, बफरला (कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रेणूंना) चिकटलेलं व बाहेर गेलेलं यांचा हिशेब मांडा. तो जुळेपर्यंत दुसरा न्यूरॉन जोडू नका.