स्पेअर पार्ट ऑनलाइन मागवताय? आधी ही तयारी करा

सगळ्यात आधी मशीनचा प्लग काढा आणि जुना पार्ट खोलून हातात घ्या, साइटवरचा फोटो बघून "हो हो, हेच दिसतंय" म्हणून ऑर्डर टाकू नका, अगदी कळकळीने सांगतोय. पार्ट फडक्याने पुसा, उजेडात तिरका धरला की कोरलेला नंबर दिसतो, त्याचा लगेच फोटो काढून ठेवा कारण कागदावर उतरवताना शून्य आणि ओ यांची हमखास गल्लत होते. मग मशीनच्या मागच्या स्टिकरचाही फोटो. त्यावरचा मॉडेल नंबर त्या प्रकारच्या सगळ्या मशीनचा असतो, सिरीयल नंबर फक्त तुमच्या एकट्या मशीनचा, आणि आपल्याला शोधायचाय तो पार्ट नंबर, जो कंपनीने त्या सुट्या भागाला दिलेला असतो.

आता नंबर पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरांसकट. आमचं वॉशिंग मशीन खडखड करायला लागलं तेव्हा जुन्या बेअरिंगवर ६२०५-२आरएस होतं आणि मी ६२०५ एवढंच बघून मागवलं. माप तंतोतंत बसलं, आतलं भोक २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५ (शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की त्यांना ५ ने गुणायचं, आतलं माप निघतं). पण आलेल्यावर झेडझेड होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, आणि २आरएस म्हणजे रबरी सील. पत्र्याच्या फटीतून पाणी शिरलं, चार महिन्यांत परत तीच खडखड, परत सगळा ड्रम खोला, परत मजुरी. फक्त शेवटच्या अक्षरांपायी.

साइटवरचे नंबर वेगळेच असतात बरं का. अ‍ॅमेझॉनचा दहा अक्षरी एएसआयएन त्यांचा स्वतःचा, एसकेयू त्या त्या दुकानदाराचा, त्यावरून पार्ट जुळत नाही. बारकोडखालचे १३ आकडे मात्र कुठल्याही दुकानात तेच राहतात, ते मिळाले तर सर्चमध्ये टाकून बघा. सुरुवातीला ८९० असलं तर नंबर जीएसवन इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय एवढंच कळतं, माल भारतातच बनलाय असं नाही. आणि टायटलमध्ये "कंपॅटिबल" शब्द आहे का ते नक्की बघा, तिथे दिलेला नंबर मूळ कंपनीचा असतो पण येणारा पार्ट दुसऱ्याच कोणाचा असतो. वाईटच निघेल असं नाही, पण माहिती असून घ्या.

नंबर कुठेच सापडला नाही तर बंद होऊन त्याजागी नवीन आलेला असू शकतो, सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. पुण्यात असाल आणि टू-व्हीलरचा पार्ट असेल तर नाना पेठेत, इलेक्ट्रॉनिकचा असेल तर तपकीर गल्लीत जुना पार्ट घेऊन एक चक्कर मारा, काउंटरवरची जुनी माणसं नंबर बघून दोन मिनिटांत सांगतात, आणि भाव ठीक वाटला तर तिथेच घ्या की.

पार्सल आलं की व्हिडिओ सुरू करून उघडा, आतलं सील फोडायच्या आधी फोटोतला नंबर एकेक अक्षर जुळवा. आणि जुना पार्ट लगेच भंगारात देऊ नका, पिशवीत घालून ठेवा, मशीन महिनाभर नीट चाललं की मग टाका.